पोटविकारतज्ज्ञाचा व्यावसायिक परिचय वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६२ असून गेले काही आठवडे त्यांना शौचावाटे रक्त जाते. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घेण्यास सांगितले आहे. प्रश्नकर्तीसमोर दोन पोटविकारतज्ज्ञांचे परिचय आहेत. एकात २५ वर्षांचा अनुभव आणि ३० हजारांहून अधिक एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून केलेल्या तपासण्या, अशी नोंद आहे. दुसऱ्यात ९ वर्षांचा अनुभव, यकृतरोगातील फेलोशिप आणि शोधनिबंधांची लांब यादी आहे. यांपैकी कोणती गोष्ट किती महत्त्वाची मानावी, असे त्यांनी विचारले आहे.

तुम्हाला जे जाणून घ्यायला हवे, ते या दोन्ही परिचयांतून कळत नाही. वडिलांची तपासणी करणारी व्यक्ती आठवड्यातून अनेकदा कोलोनोस्कोपी करणारी असावी, तिने दुर्बीण बाहेर काढताना घाई करू नये, गाठ दिसली तर शक्यतो त्याच वेळी ती काढता यावी आणि स्वतःच्या कामाचा हिशेब तिने ठेवलेला असावा. परिचयात यांपैकी बहुधा काहीच छापलेले नसते, कारण परिचय पदव्या आणि मानसन्मान सांगण्यासाठी लिहिला जातो. तरीही तो निरर्थक नसतो. माझे या शाखेत बरेच आयुष्य गेले आहे आणि निवड समित्यांवर बसून मी इतरांचे असे परिचय पुष्कळ वाचले आहेत, तेव्हा त्यातली कोणती ओळ काय सांगते आणि काय सांगत नाही, ते मांडतो.

प्रथम शिक्षणाच्या ओळी पाहू. पदव्यांची नावे देशागणिक बदलतात, मात्र टप्पे जवळपास सगळीकडे सारखे आहेत. आधी वैद्यकाची मूळ पदवी, मग काही वर्षे सर्वसाधारण औषधवैद्यकाचे प्रशिक्षण आणि त्यानंतर पचनसंस्था व यकृत यांचे विशेष प्रशिक्षण, जे बहुतेक ठिकाणी तीन वर्षांच्या आसपासचे असते. शालेय शिक्षण संपल्यापासून स्वतंत्रपणे काम सुरू होईपर्यंत दहा ते चौदा वर्षे सहज जातात. वाचणाऱ्यांचे लक्ष शेवटच्या टप्प्याकडे जाते, पण मधला टप्पा कमी महत्त्वाचा समजू नये. पोटाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा आजार पोटातच असतो असे नाही. प्रशिक्षणाच्या काळात वरच्या पोटात जळजळ होते म्हणून जठराच्या तपासणीसाठी पाठवलेले एक गृहस्थ मला आठवतात. ते खाटेवर डाव्या कुशीवर झोपलेही होते. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहून आमच्या वरिष्ठांनी दुर्बीण बाजूला ठेवायला सांगितली आणि हृदयाचा आलेख काढायला लावला. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका आला होता. थायरॉइडचे विकार, मधुमेहामुळे मंदावलेले जठर, कॅल्शियमचे वाढलेले प्रमाण, नैराश्य, वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक, हे सारे पोटाचा आजार बनून दारात येतात. त्यामुळे औषधवैद्यकाचा पाया पक्का असलेला पोटविकारतज्ज्ञ कितीदा तरी दुर्बीण न घालताच उत्तरापर्यंत पोहोचतो, आणि त्या न केलेल्या तपासण्या कोणत्याच परिचयात मोजलेल्या नसतात.

आता त्या ३० हजारांच्या आकड्याकडे वळू. तो छाती दडपवणारा वाटतो, पण २५ वर्षांनी भागला की वर्षाला १२०० येतात, म्हणजे कामाच्या दिवशी जेमतेम पाच. या व्यवसायात असा दिवस अगदी सामान्य समजला जातो. शिवाय ‘एन्डोस्कोपी’ या एका शब्दात फार वेगवेगळी कामे गुंडाळलेली असतात. घशातून जठरापर्यंत जाणारी तपासणी अनुभवी हाताने काही मिनिटांत होते. मोठ्या आतड्याची तपासणी बहुधा अर्ध्या तासाच्या आसपासचा वेळ घेते आणि तिचे कसब पूर्ण निराळे असते. त्या ३० हजारांत कोलोनोस्कोपी किती, गेल्या वर्षी किती आणि कशा, हे कळल्याशिवाय आकडा मुका राहतो.

हे कसब कसे येते ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. दुर्बिणीची मूठ डाव्या हातात असते. त्या मुठीवर एकावर एक अशी दोन चाके असतात, एक टोक वर-खाली वळवते आणि दुसरे डावी-उजवीकडे. दोन्ही मुख्यतः डाव्या अंगठ्याने फिरवायची, त्याच हाताच्या बोटांनी हवा, पाणी आणि शोषणाची बटणे दाबायची आणि उजव्या हाताने नळी पुढे सरकवायची, पिळायची, मागे घ्यायची. नवशिक्या पडद्यावर वाट दिसली की नळी पुढे ढकलतो. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूचा वळणदार भाग मात्र पोटात मोकळा लोंबत असतो, त्यामुळे नळी पुढे जाण्याऐवजी त्या भागाला ताणून कमान करते. हातातली नळी तर आत सरकते आहे, पण पडद्यावरचे चित्र पुढे जात नाही आणि कधी चक्क मागे येते. रुग्णाला कळ लागते ती बहुधा इथेच. उपाय उफराटा असतो. नळी मागे ओढायची, हलकेच उजवीकडे पीळ द्यायचा, आत भरलेली हवा शोषून घ्यायची आणि आतडे नळीवर बाहीसारखे गोळा होऊ द्यायचे. ‘पुढे जायचे तर मागे या’ हे वाक्य मी शिकाऊ डॉक्टरांना किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही, आणि मला ते एका अनुभवी परिचारिकेने शिकवले. पोटावर तळहात ठेवून नेमक्या जागी दाब देत ती पडद्याकडे न पाहताच सांगायची, “डॉक्टर, कमान इथे आहे.”

हे हातात बसायला बहुतेकांना अडीचशे ते तीनशे तपासण्या लागतात. प्रशिक्षण संपताना इतके हातून झालेले असेल, तर मोठ्या आतड्याच्या उगमापर्यंत, म्हणजे सिकमपर्यंत, दहापैकी नऊ वेळा कोणाच्या मदतीशिवाय पोहोचता येते. तेव्हा तुमच्या दुसऱ्या परिचयातील ९ वर्षे कमी मुळीच नाहीत. हाताच्या कौशल्याचा आलेख पहिल्या काही वर्षांत झपाट्याने चढतो आणि मग सपाट होतो. त्यापुढे फरक पडतो तो नजरेने आणि सवयीने.

कोलोनोस्कोपीचे खरे काम दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचल्यावर सुरू होते. आत जाणे हा नुसता प्रवास असतो, बघणे होते ते बाहेर येताना. आतड्याला आडव्या घड्या असतात. प्रत्येक घडीच्या पाठीमागे टोक वळवून पाहावे लागते, साचलेला द्रव शोषून घ्यावा लागतो, फेस धुवावा लागतो आणि शंका आली तर तोच भाग पुन्हा तपासावा लागतो. यासाठी किमान ६ मिनिटे द्यावीत, असा दंडक अनेक वर्षे होता, आणि आता सरासरी ८ मिनिटांची अपेक्षा धरली जाते. त्याहून महत्त्वाचे माप म्हणजे अडेनोमा शोधण्याचे प्रमाण. अडेनोमा ही पुढे कर्करोगात बदलू शकणारी गाठ. वयानुसार केलेल्या प्रतिबंधात्मक तपासण्यांपैकी शंभरात किती जणांत अशी निदान एक तरी गाठ सापडली, ते हे प्रमाण सांगते. पूर्वी किमान २५ टक्क्यांची अपेक्षा होती, अलीकडच्या शिफारशींत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली आहे. हा आकडा शोभेचा नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, डॉक्टरचे हे प्रमाण एका टक्क्याने वाढले की त्यांच्या रुग्णांत तपासणीनंतरच्या काळात मोठ्या आतड्याचा कर्करोग उद्भवण्याचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसले. एकाच व्यक्तीची लागोपाठ दोनदा तपासणी करून पाहिली, तर पहिल्या वेळी दर चार-पाच अडेनोमांपैकी एक नजरेतून सुटल्याचे आढळते. सुटलेल्या बहुतेक गाठी लहान असतात, हे खरे असले तरी त्यावर विसंबून राहता येत नाही.

माझ्याही नजरेतून गाठी सुटल्या आहेत. एकदा दिवसातली शेवटची तपासणी होती, आतड्याची सफाई बरी म्हणावी इतपतच होती, आणि मी अहवालात ‘समाधानकारक’ असे लिहून मोकळा झालो. दोन वर्षांनी त्याच रुग्णाच्या उजव्या बाजूच्या आतड्यात एका घडीमागे सपाट, फिकट, कडांना श्लेष्माचा पातळ थर असलेली गाठ सहकाऱ्याला सापडली. ती काढता आली आणि कर्करोग निघाला नाही. त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. उजवी बाजू प्रत्येक वेळी दोनदा पाहायची आणि सफाई अपुरी असेल तर तसे स्पष्ट लिहून तपासणी पुन्हा करायला सांगायची. लोकांना ते आवडत नाही. सफाईचे ते औषध पुन्हा प्यायचे म्हटले की नाराजी स्वाभाविक आहे. तुमच्या वडिलांना औषध दोन भागांत, अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी काही तास आधी, असे सांगितले तर पहाटे उठण्याचा त्रास वाटला तरी ते तसेच घ्यायला लावा. सफाईच्या दृष्टीने हीच पद्धत चांगली ठरली आहे.

फेलोशिपच्या ओळींकडे पाहताना एवढेच लक्षात घ्यावे की ही शाखा आता आतून बरीच विभागली गेली आहे. यकृत, आतड्याचा दाह, पचनमार्गाच्या हालचालींचे विकार, एन्डोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेली सोनोग्राफी), पित्तनलिकेवरील दुर्बीण-उपचार अशा वाटा वेगवेगळ्या झाल्या आहेत. यकृतरोगातील फेलोशिप यकृतदाह, जलोदर किंवा प्रत्यारोपण यांसाठी मोलाची असते, तुमच्या वडिलांच्या तपासणीसाठी ती ना जमेची बाजू आहे ना उणेची. पुढेमागे घरात कोणाला ईआरसीपीची, म्हणजे पित्तनलिकेत अडकलेला खडा दुर्बिणीने काढण्याची, वेळ आली तर मात्र ती ओळ बारकाईने वाचावी. त्या प्रक्रियेनंतर शंभरात साधारण ३ ते १० जणांना स्वादुपिंडाचा दाह होतो आणि त्यातल्या काहींत तो गंभीर असतो. वर्षाला मोजक्याच ईआरसीपी करणाऱ्यापेक्षा ती नियमित करणाऱ्याकडे जाणे इष्ट आहे. त्याहूनही इष्ट म्हणजे, खडा आहे की नाही अशी नुसती शंका असताना आधी एमआरआय किंवा एन्डोस्कोपिक सोनोग्राफीने खात्री करून घेणारा डॉक्टर. या प्रक्रियेत अनुभव जसा वाढतो तसा ती टाळण्याकडे कल वाढतो, निदान चांगल्या लोकांचा तरी.

‘२५ वर्षांचा अनुभव’ या ओळीवर जरा रेंगाळतो, कारण तिचा अर्थ सर्वांत फसवा आहे. या शाखेत २५ वर्षे म्हणजे अनेकदा शिकलेले पुसून नव्याने शिकणे. आमच्या गुरूंच्या पिढीने जठराचा व्रण हा ताण आणि आम्ल यांचा आजार म्हणून शिकला होता. त्यासाठी आहाराचे कडक नियम असत, वर्षानुवर्षे औषधे चालत आणि अखेर शस्त्रक्रिया करून जठराचा भाग काढला जाई. १९७० च्या दशकात सिमेटिडिन हे आम्ल कमी करणारे औषध आले आणि शस्त्रक्रिया घटू लागल्या, पण औषध थांबले की व्रण परत येत. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ऑस्ट्रेलियात बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे मांडले, तेव्हा जठराच्या आम्लात जिवाणू टिकूच कसा शकतो, असे म्हणणारे पुष्कळ होते. मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. दोघांना नोबेल मिळाले ते २००५ मध्ये. मधल्या काळात कित्येक अनुभवी डॉक्टर जुनीच औषधे लिहून देत राहिले, आणि ज्या रुग्णाचा आजार एक-दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी मुळापासून गेला असता, तो दर महिन्याला गोळ्या घेत राहिला.

‘क’ प्रकारच्या यकृतदाहाचा अनुभव तर माझ्या समोरचा आहे. विषाणूची ओळख १९८९ मध्ये पटली. आम्ही रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभर द्यायचो. ताप, अंगदुखी, केस गळणे, खिन्नता असा सगळा त्रास त्यांनी सोसायचा आणि त्यानंतरही जेमतेम निम्मे बरे व्हायचे. २०१३-१४ पासून थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या आल्या, आणि आता ८ ते १२ आठवड्यांत शंभरातले ९५ हून अधिक बरे होतात. इंटरफेरॉन कसे द्यावे, मात्रा कधी कमी करावी, रक्तपेशी घसरल्या तर काय करावे, हे माझे कष्टाने कमावलेले ज्ञान दोन-तीन वर्षांत निकामी झाले. त्याचे मला दुःख नाही, पण परिचयातल्या वर्षांच्या आकड्यात अशी निकामी झालेली वर्षेही धरलेली असतात, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. म्हणून मी उमेदवाराला हमखास विचारतो, गेल्या पाच वर्षांत तुम्ही कोणती गोष्ट करायची सोडून दिली? ज्याला उत्तर सुचत नाही त्याच्याबद्दल मला काळजी वाटते.

शोधनिबंध, संस्थांची सदस्यत्वे आणि पारितोषिके यांवर फार वेळ घालवू नये. बहुतेक सदस्यत्वे वर्गणी भरून मिळतात. निबंधांचा विषय आणि तुमचा आजार एकच असेल तर ती ओळ उपयोगी आहे, नसेल तर ती अभ्यासू वृत्तीची खूण समजावी आणि पुढे जावे.

परिचयात क्वचितच आढळणारी पण मला फार मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्या व्यक्तीमागे असलेली यंत्रणा. यकृत आक्रसलेल्या रुग्णाला मध्यरात्री रक्ताच्या उलट्या होतात तेव्हा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर रबराची बारीक कडी चढवून रक्तस्राव थांबवावा लागतो. पडदा रक्ताने लाल झालेला असतो, शोषणनळी गुठळ्यांनी तुंबते, आणि त्या लाल धुक्यात रक्ताची उडणारी धार शोधायची असते. ते एकट्याचे काम नाही. भूलतज्ज्ञाने श्वासमार्ग सुरक्षित केलेला असतो, परिचारिका कडीचे यंत्र आधीच जोडून तयार ठेवते, रक्तपेढीतून पिशव्या येत असतात. कडी बसली नाही तर पुढच्या उपायासाठी कोणाला बोलवायचे, हे आधीच ठरलेले असते. कोलोनोस्कोपीत असा प्रसंग विरळा असतो, पण मोठी गाठ काढल्यावर काही तासांनी किंवा आठवड्याभराने रक्तस्राव होऊ शकतो, आणि आतड्याला छिद्र पडण्याची शक्यताही अल्प असली तरी असते. तेव्हा रात्री अकरा वाजता फोन केला तर कोण उचलणार, याचे उत्तर घरी जाण्याआधी मिळायला हवे.

आता तुमच्या वडिलांबद्दल. मूळव्याध असेल असे गृहीत धरून तपासणी पुढे ढकलू नका. या वयात शौचावाटे रक्त जात असेल, तर मूळव्याध दिसत असली तरी आतले आतडे पाहावे लागते, कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. ज्या डॉक्टरांना भेटाल त्यांना संकोच न करता विचारा की तुम्ही महिन्याला साधारण किती कोलोनोस्कोपी करता, गाठ दिसली तर त्याच वेळी काढता का, अडेनोमा सापडण्याचे तुमचे प्रमाण मोजलेले आहे का. तिसरा प्रश्न ऐकून काही जण चकित होतील, एखादा दुखावलाही जाईल. मोजणारा मात्र लगेच आकडा सांगेल किंवा नोंदवही उघडून पाहील. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती कधी थांबवायची किंवा थांबवायचीच नाही, हे डॉक्टरांनी स्वतःहून विचारले का, याकडेही लक्ष द्या. अहवालात सिकमचे छायाचित्र, सफाईचा दर्जा आणि बाहेर येण्यास लागलेला वेळ नोंदवलेला असावा. या तिन्ही गोष्टी ज्या अहवालात आहेत, तो २५ वर्षे अनुभवाच्या डॉक्टरचा असो वा ९ वर्षांच्या, त्यावर मी विश्वास ठेवीन.

वयस्कर तज्ज्ञाबाबत आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: हे काम तुम्ही अजून स्वतः करता का? चाके फिरवून फिरवून आमच्या डाव्या अंगठ्याचे मूळ झिजते. मान आखडते, खांदा भरून येतो, आणि बऱ्याच जणांचे हात पन्नाशीनंतर कुरकुरू लागतात. मी ईआरसीपी करणे थांबवले त्याला काही वर्षे झाली. त्यानंतरही बरेच महिने माझ्या परिचयात ‘पित्तनलिकेवरील दुर्बीण-उपचारांत विशेष प्रावीण्य’ ही ओळ तशीच होती, आणि ती वाचून आलेल्या रुग्णांना मी कनिष्ठ सहकाऱ्याकडे पाठवत होतो. अखेर तिनेच एक दिवस मला थांबवून विचारले, “सर, ती ओळ कधी काढणार?” त्या दिवशी संध्याकाळी ती काढली.